मुलीला नर्सिंगला पाठवावे का? एका निवृत्त परिसेविकेचे उत्तर

प्रश्न भुदरगड तालुक्यातील एका वडिलांचा आहे. त्यांची मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाली असून तिला नर्सिंगला जायचे आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे मत मात्र असे की, डॉक्टर सांगतील ते करायचे, रुग्णांची घाण काढायची आणि रात्रपाळ्या करायच्या, यासाठी चार वर्षे आणि एवढा पैसा कशाला घालवायचा? नर्सचे नेमके काम काय असते, त्यात स्वतःची बुद्धी चालवायला जागा असते का आणि मुलीने कोणत्या अभ्यासक्रमाला जावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील रुग्णालयांत ३१ वर्षे काम केले. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले, परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले आणि नंतर काही वर्षे विद्यार्थिनींना शिकवले. वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य करते. घाण काढावी लागते आणि रात्रपाळ्याही कराव्या लागतात. 'डॉक्टर सांगतील ते करायचे' हे मात्र वॉर्डात एक रात्र बसून पाहिलेला माणूस म्हणणार नाही. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांचा राउंड सकाळी होतो, संध्याकाळी पुन्हा होतो आणि एकेका खाटेपाशी ते पाच-दहा मिनिटे थांबतात. उरलेल्या साऱ्या वेळेत त्या खाटेच्या आसपास असते ती नर्स. रुग्णाची तब्येत काही राउंडची वेळ पाहून बिघडत नाही. ती बिघडू लागली आहे हे सर्वांत आधी ओळखणे, ते किती गंभीर आहे याचा अंदाज बांधणे आणि कोणाला, केव्हा, कोणत्या शब्दांत कळवायचे हे ठरवणे, हे नर्सचे मूळ काम आहे. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग ही लोकांना दिसणारी कामे त्याच्या भोवती असतात.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते नीट लक्षात येईल. स्त्रियांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात माझी रात्रपाळी होती. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईंची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया दुपारी झाली होती. रात्री नऊला ओव्हर घेतली तेव्हा त्यांची नाडी ८४ होती आणि रक्तदाब ११८/७६. (ओव्हर म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला खाटेपाशी उभे राहून प्रत्येक रुग्णाची हकीकत सांगणे.) अकरा वाजता नाडी ९६ झाली. बारा वाजता बाई म्हणाल्या, "सिस्टर, जरा पंखा मोठा करा की, जीव लई घाबराघुबरा व्हायलाय." पंखा आधीच मोठा होता. नाडी ११२ भरली. रक्तदाब अजून ११०/७० म्हणजे बघणाऱ्याला ठीकच वाटेल असा होता. ड्रेसिंग कोरडे होते. मी युरिन बॅग उचलून पाहिली. मागच्या तासाभरात त्यांना जेमतेम १५ मिलिलिटर लघवी झाली होती. प्रौढ माणसाला ताशी दर किलो वजनामागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी लागते, म्हणजे साठ किलोच्या त्या बाईंना ३० तरी. हात लावून पाहिला तर तळवे गार होते.

पोटात आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला की शरीर आधी नाडी वाढवून आणि हातापायांकडचे रक्त आखडते घेऊन रक्तदाब टिकवून धरते. रक्तदाब कोसळतो तो सर्वांत शेवटी, आणि तोवर हातात फार वेळ उरलेला नसतो. त्या रात्री निवासी डॉक्टरांकडे तीन वॉर्ड होते. मी फोनवर खाट क्रमांक, शस्त्रक्रिया, नऊ ते बारा या वेळेतली नाडी ८४, ९६, ११२ अशी ओळीने, शेवटच्या तासाची लघवी आणि गार तळवे एवढे सांगितले आणि "आतून रक्तस्राव होत असावा असे मला वाटते, तुम्ही आत्ता यायला हवे," असे स्पष्ट म्हटले. ते येईपर्यंत दुसऱ्या हाताला मोठी सुई लावून झाली होती आणि रक्तपेढीसाठी नमुना काढलेला होता. रात्री दोनच्या आत बाई पुन्हा शस्त्रक्रियागृहात होत्या आणि दहाव्या दिवशी घरी गेल्या. त्या रात्री मी "पेशंट बरी दिसत नाही" एवढेच सांगितले असते, तर तीन वॉर्ड सांभाळणाऱ्या त्या तरुण डॉक्टरांनी "थोड्या वेळाने बघतो" म्हटले असते आणि त्यात त्यांची फारशी चूकही नसती. मी हे कोणाचा हुकूम पाळून केले नव्हते. केस पेपरवर तर 'दर चार तासांनी नाडी व रक्तदाब' एवढेच लिहिलेले होते. तासाभराने पुन्हा नाडी पाहायची, हे मी ठरवले होते.

आता जे हुकूम असतात त्यांच्याविषयी. डॉक्टर औषध लिहितात हे खरे. पण लिहिलेले औषध आणि रुग्णाच्या शरीरात गेलेले औषध यांच्यामध्ये नर्स उभी असते, आणि तिथे ती केवळ हमालासारखी उभी नसते. रुग्ण तोच का, औषध तेच का, मात्रा, मार्ग आणि वेळ बरोबर का, आणि दिल्यानंतर लगेच नोंद झाली का, ही तपासणी प्रत्येक वेळी, प्रत्येक रुग्णासाठी करायची असते. एका वॉर्डात एकाच आडनावाचे तीन पाटील आणि दोन कांबळे असतात तेव्हा 'रुग्ण तोच का' हा प्रश्न किती खरा आहे, हे आमच्याकडच्या कोणत्याही सिस्टरला विचारा. 'एक लिटर सलाईन आठ तासांत' असे डॉक्टर लिहितात. मिनिटाला किती थेंब, हे नर्सने काढायचे असते. ज्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर होते, त्यातून हे मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात. हृदय कमकुवत असलेल्या म्हाताऱ्या माणसाचे सलाईन नातेवाइकांनी 'लवकर संपू दे' म्हणून चाक फिरवून मोकळे सोडले, तर पहाटेपर्यंत फुप्फुसात पाणी भरून त्याला धाप लागलेली असते. तेव्हा थेंब मोजणे हे काम कारकुनी वाटले तरी तसे नाही.

माझ्या स्वतःच्या हातून होता होता राहिलेली एक चूक आहे. मी विद्यार्थिनींना ती दरवर्षी सांगत असे. नोकरीचे दुसरे वर्ष होते. एका मधुमेही रुग्णाला रात्री १६ युनिट इन्सुलिन द्यायचे होते. वॉर्डातील इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या असत आणि त्यासाठीची लाल टोपणाची सिरिंज ट्रेमध्ये होती. त्या दिवशी नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली बाटली मात्र १०० युनिट प्रति मिलिलिटरची होती. तिला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. मी सवयीने लाल टोपणाची सिरिंज उचलली आणि १६ च्या खुणेपर्यंत भरली. खूण १६ ची, पण आत औषध ०.४ मिलिलिटर, म्हणजे त्या बाटलीच्या हिशेबाने ४० युनिट, अडीचपट. झोपलेल्या माणसाची साखर पहाटे किती खाली गेली असती याचा विचार आजही नको वाटतो. माझ्या वरिष्ठ सिस्टरनी इन्सुलिन नेहमी दोघींनी मिळून तपासायची शिस्त लावली होती, म्हणून ती सिरिंज रुग्णापर्यंत पोहोचली नाही. त्या ओरडल्या नाहीत. बाटली माझ्या हातात दिली आणि "काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच," एवढेच म्हणाल्या. पोटॅशियम क्लोराइडची कुपीही अशीच. ती सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायची असते. सिरिंजने सरळ शिरेत ढकलली तर हृदय बंद पडते. आमच्या वॉर्डात ती इतर कुप्यांपासून वेगळी, कुलपात असे. एखादा हुकूम घाईत चुकीचा लिहिला गेला, तर "सर, ही मात्रा एकदा पाहता का?" असे विचारणे हे नर्सचे कर्तव्य आहे. चांगले डॉक्टर अशा विचारण्याचे आभार मानतात. जे रागावतात त्यांनाही विचारावेच लागते.

कोल्हापूरचे म्हणून एक काम सांगायला हवे. आपल्याकडे उसाला पाणी पाजायला शेतकरी रात्री जातो, कारण शेतीपंपाची वीज बऱ्याच वेळा रात्रीची मिळते. पावसाळ्यात आणि तोडणीच्या हंगामात सर्पदंशाचे रुग्ण रात्री-बेरात्री येतात. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (आपल्या सीपीआरला), ते पंचक्रोशीतूनच नव्हे तर थेट घाटमाथ्यावरूनही आणले जातात. पाय सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत असलेला माणूस आला की घोणस किंवा फुरसे चावले असण्याची शक्यता आधी मनात येते, आणि त्याची सर्वांत साधी तपासणी खाटेपाशीच होते. रुग्णाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि २० मिनिटे त्या नळीला कोणी हात लावायचा नाही. मग ती अलगद तिरपी करायची. रक्त गोठलेले नसेल आणि पाण्यासारखे वाहिले, तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे. गंमत म्हणजे ही तपासणी बहुधा घाईमुळेच फसते. कोणी तरी सोळाव्या मिनिटाला नळी हलवून बघते, किंवा डिटर्जंटने धुतलेली नळी वापरली जाते आणि रक्त उगाचच गोठत नाही. म्हणून नळी एका बाजूला उभी करून भिंतीवरच्या घड्याळातील वेळ चिकटपट्टीवर लिहून ठेवायची.

मण्याराचे निराळे असते. तो बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही, सूज येत नाही आणि सकाळी माणूस 'पोटात दुखतंय, डोळे जड झालेत' म्हणून येतो. त्याच्या पापण्या खाली आलेल्या दिसल्या की पुढची पाळी श्वासाची असते. अशा रुग्णाला आम्ही एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावतो. पहिल्यांदा तो पंचवीसपर्यंत गेला आणि अर्ध्या तासाने बारावर थांबला, तर डोळ्यांना तो तसाच दिसत असला तरी कृत्रिम श्वासासाठी भूलतज्ज्ञांना बोलवायची वेळ झालेली असते. प्रतिसर्पविष साधारण दहा कुप्या सलाईनमधून तासाभरात दिले जाते आणि ते घोड्याच्या रक्तापासून बनलेले असल्याने काहींना त्याचीच जोरदार प्रतिक्रिया येते. पहिल्या तासात खाज, गांधी, थरथर किंवा घरघर दिसली की सलाईन तत्काळ थांबवायचे आणि आधीच भरून ठेवलेले ॲड्रेनलिन पुढे करायचे. हे सगळे घडत असताना खाटेभोवती रुग्णाचे वीस-पंचवीस नातेवाईक असतात, त्यांतला एक मोबाइलवरून गावच्या मांत्रिकाला विचारत असतो, आणि त्याच्याशीही नीटच बोलावे लागते.

'घाण काढणे' याबद्दलही थोडे लिहिते, कारण घरच्यांचा खरा अडसर तोच असावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही, त्याची त्वचा कोरडी ठेवली नाही, चादरीची चुणी काढली नाही, तर माकडहाडावर आधी लाल डाग, मग फोड आणि मग हाडापर्यंत जाणारी जखम होते. त्या जखमेतून जंतू रक्तात जाऊन माणूस दगावतो. मूळ आजार बाजूलाच राहतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये तिथेच हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या खटल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निष्क्रिय दयामरणाविषयी (बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीव टिकवणारे उपचार थांबवण्याविषयी) निकाल दिला हे सर्वांना आठवते. आमच्या व्यवसायातील लोकांना त्यातली दुसरी गोष्ट आठवते: इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण, म्हणजे वर सांगितलेली जखम, होऊ दिले गेले नाही. ते काम पिढ्यान्पिढ्या पाळ्या बदलत गेलेल्या परिचारिकांनी केले. ज्याला घरात 'घाण' म्हणतात ते अंग पुसताना नर्स त्वचा पाहत असते, सूज पाहत असते, माणूस कालच्यापेक्षा कमी बोलतो आहे का ते पाहत असते.

वॉर्डाबाहेरचे नर्सिंग तर मुलीला बहुधा गावातच पाहायला मिळाले असेल. उपकेंद्राच्या ज्या सिस्टरना आपण 'नर्सबाई' म्हणतो, त्या एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असे प्रमाण आहे. भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या तालुक्यांत वाड्यावस्त्या इतक्या विखुरलेल्या आहेत की तीन हजार लोकांसाठीही पायपीट कमी होत नाही. गरोदर बाईची नोंद, तिचे हिमोग्लोबिन, रक्तदाब, बाळाचे लसीकरण, क्षयरुग्णांच्या गोळ्या, हे सारे त्या पाहतात. लसीच्या कुपीवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत एक फिकट चौकोन असतो. कुपीला ऊन-उष्णता लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाचा झाला की ती कुपी टाकून द्यायची. डोंगरवाटेवर लसीचा डबा खांद्याला लावून गेलेल्या सिस्टरने टोचण्यापूर्वी तो चौकोन पाहिला की नाही, यावर त्या बाळाचे संरक्षण ठरते, आणि तिथे तिला तपासणारे कोणी नसते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी पसरून शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद पडला होता, तेव्हा माझी एक माजी विद्यार्थिनी शिरोळ तालुक्यात नेमणुकीवर होती. गावात बोट आली तेव्हा आधी कोणाला न्यायचे यावर आरडाओरडा सुरू झाला. तिने नोंदवही उघडली आणि ज्यांचे दिवस भरत आले आहेत अशा बायकांची नावे वाचून दाखवली. त्यांतल्या एकीला आधीचे सिझेरियन होते. तिला पहिल्या फेरीत बसवले. कोणीही वाद घातला नाही, कारण वहीत सगळे आधीच लिहिलेले होते.

बाकीच्या भूमिका थोडक्यात सांगते. शस्त्रक्रियागृहातील नर्स पोट शिवण्यापूर्वी आणि नंतर गॉज, सुया, हत्यारे मोजते, आणि मोजणी जुळेपर्यंत सर्जनला थांबावे लागते, मग तो कितीही मोठा असो. अतिदक्षता, डायलिसिस, नवजात शिशू आणि कर्करोग विभागांतील नर्सना स्वतंत्र प्रशिक्षण असते. जंतुसंसर्ग नियंत्रणाची नर्स कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांपासून हात धुण्यापर्यंत सगळ्यांच्या मागे लागते आणि म्हणून ती कोणालाच आवडत नाही. शिकवणाऱ्या पाठ्यनिर्देशिका असतात. प्रसूतिशास्त्रात १८ महिन्यांचे विशेष शिक्षण घेऊन सुलभ प्रसूती स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या नर्सही आता तयार होत आहेत. सरकारी रुग्णालयातील चढती श्रेणी अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका आणि अधिसेविका अशी आहे. अधिसेविका म्हणजे आपण जिला मेट्रन म्हणतो ती.

आता गाऱ्हाणी. ती लपवून मी मुलीला या व्यवसायात ओढणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स हवी. मी स्वतः रात्रपाळीत चाळीसहून जास्त रुग्ण एका विद्यार्थिनीला सोबत घेऊन सांभाळले आहेत. वर सांगितलेल्या त्या बाई वाचल्या ती रात्र तुलनेने निवांत होती. चाळीस रुग्ण असते तर बारा वाजता मी त्यांच्या खाटेपाशी असते का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

पगाराचे दोन जग आहेत. राज्य शासनाच्या नियमित अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर भत्ते मिळतात. केंद्राच्या एम्ससारख्या संस्थांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० पासून आहे. लहान खासगी रुग्णालयांत मात्र बऱ्याच मुली यापेक्षा फारच कमी पगारावर राबतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान रुग्णालयातही नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी वेतन नसावे, अशी शिफारस केली होती. ती शिफारस आहे, आणि शिफारशीचे जे होते ते झाले. कंत्राटी नेमणुकीत नोकरीची शाश्वती नसते, हेही लक्षात ठेवावे. नातेवाइकांची शिवीगाळ आणि क्वचित अंगावर धावून येणे होते. महाराष्ट्रात २०१० चा कायदा डॉक्टरांइतकेच नर्सनाही संरक्षण देतो, पण प्रत्येक वॉर्डातल्या मुलीला तो माहीत असतोच असे नाही.

अभ्यासक्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मुलगी विज्ञान शाखेची आहे आणि तिला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आहेत, तर तिने चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचा प्रयत्न आधी करावा. खुल्या प्रवर्गाला या विषयांत किमान ४५ टक्के लागतात आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा पदविका अभ्यासक्रम कमी दर्जाचा नाही. माझ्या पाहण्यातील काही उत्तम नर्स जीएनएम झालेल्या आहेत आणि पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीही घेता येते. पण एम्सच्या भरतीसाठी जीएनएमला ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव मागतात, बी.एस्सी.ला तो लागत नाही. परदेशी जाताना आणि शिक्षण क्षेत्रात जातानाही पदवीचा उपयोग होतो. दोन वर्षांचा एएनएम तिने तूर्त विचारात घेऊ नये. शिक्षणानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. कॉलेजचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे असा नियम आहे. तिथे सकाळी अकराच्या सुमारास कोणालाही न सांगता जा आणि खाटांवर माणसे आहेत का ते पाहा. कागदावर शंभर आणि प्रत्यक्षात बारा रुग्ण असलेल्या ठिकाणी चार वर्षे घालवलेली मुलगी पुस्तक पाठ म्हणते, पण शीर शोधताना तिचा हात थरथरतो. सीपीआरसारख्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयात शिकण्याची संधी मिळाली तर वसतिगृहाच्या गैरसोयी सोसूनही ती घ्यावी. प्रवेशासाठी देणगी मागणाऱ्या आणि 'जर्मनीत नोकरी नक्की' असे सांगणाऱ्या एजंटांपासून चार हात लांब राहा. जर्मनीला खरोखर नर्स हव्या आहेत, पण त्यासाठी जर्मन भाषेची बी-टू पातळी स्वतःच्या मेहनतीने गाठावी लागते. ती कोणी विकत देत नाही.

'नर्स मुलीचे लग्न जमत नाही' हे माझ्या आईनेही ऐकले होते. आता स्थळेच 'सरकारी नर्स हवी' म्हणून विचारत येतात, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. घरातल्या एखाद्या मुलाच्या मनात असेल तर जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही मुलांनाही खुले आहेत. पुरुष वॉर्डात आणि अपघात विभागात ब्रदरची, म्हणजे पुरुष नर्सची, गरज सगळ्यांनाच जाणवते.

पहिल्या वर्षी मुलगी प्रथम वॉर्डात जाईल तेव्हा बहुधा रात्री तिचा रडत फोन येईल. कोणी तरी तिच्यासमोर दगावलेले असेल किंवा सिस्टर तिला रागावलेल्या असतील. "परत ये" असे लगेच म्हणू नका; कोणत्या वॉर्डात आहेस आणि काय झाले, एवढे विचारा आणि तिला बोलू द्या. आणि जाण्यापूर्वी तिला सेकंदकाटा असलेले एक साधे घड्याळ घेऊन द्या. मनगटावर बांधायचे नको, कारण हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. गणवेशाला पिनेने उलटे अडकवता येईल असे, म्हणजे एका हाताने नाडी धरून मान खाली घातली की काटा दिसतो.